आठीचं वय

जालन्यात ऊन फाल्गुनातच अंगावर येतं. होळीच्या सुमाराला मोंढ्यातले हमाल कपाळावर पंजा आडवा धरून बोलायला लागतात आणि स्कुटीवरच्या कॉलेजच्या पोरी सगळं तोंड स्कार्फात गुंडाळून घेतात. या स्कार्फाची मला गंमत वाटते. गाल झाकले, नाक झाकलं, हनुवटी झाकली; उघडे राहिले ते डोळे आणि भुवयांमधली बोटभर जागा. म्हातारपण पहिल्यांदा चाहूल देतं ते बहुतेक तिथेच.

माझी भाची २८ वर्षांची, पुण्यात आयटीत. लग्न तुळशीविवाहानंतर. पत्रिका छापायच्या आधी तिनं छत्रपती संभाजीनगरातल्या स्किनच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि सोबतीला मला धरलं. गाडीत मला तंबी दिली, “मावशी, बोटॉक्स घ्यायचं का, हे तिथं विचारत बसू नको. कधीपासून, एवढंच विचारायचंय.” तिच्या मैत्रिणी म्हणे पंचविशीतच सुरू करतात, सुरकुती पडल्यावर नाही, पडू नये म्हणून. ती हे इतक्या सहज सांगत होती की मला पल्स पोलिओचा रविवार आठवला.

डॉक्टरबाईंनी वय विचारलंच नाही. “राग आल्यासारखं करा,” म्हणाल्या. पोरीनं आठ्या घातल्या. “आता सोडा.” दोन उभ्या रेघा होत्या, त्या पाटी पुसावी तशा गेल्या. मग आरसा माझ्याकडे आला. राग मला लवकर जमतो, बावीस-तेवीस वर्षं शाळेत मराठी शिकवतेय. सोडला, तरी डाव्या भुवईजवळची एक रेघ तिथेच राहिली. केसाएवढी, पण राहिली. बाईंनी तिच्यावर पेनाचं टोपण टेकवलं. हलल्यावर पडते आणि थांबल्यावर जाते ती स्नायूची. थांबल्यावरही राहते ती कातडीत उतरलेली. पहिलीला इंजेक्शन अडवतं, दुसरीला फार तर फिकी करतं. तेव्हा सुरू करायचंच असेल तर वेळ या दोन्हींच्या मधली: चेहरा गप्प असताना रेघ नुकती दिसू लागते तेव्हाची. कुणाची ती पंचविशीत येते, कुणाची चाळिशीतही नाही. भाचीची अजून आलेली नव्हती.

औषध म्हणजे मुळात विष, हे मी तिला परतीच्या वाटेवर सांगितलं. १८९५ साली बेल्जियममधल्या एका खेड्यात मयताला वाजवायला आलेले वाजंत्री खारवलेलं हॅम खाऊन आजारी पडले, काही दगावले. त्यामागचा जंतू एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी शोधून १८९७ मध्ये जगापुढे मांडला. पुढे त्याच विषाचा कणभर अंश सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांसाठी वापरला. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स पापण्या आवळण्याच्या आजारावर हेच देत होत्या. एकदा भुवयांमध्ये सुई टोचली नाही म्हणून एक बाई त्यांच्यावर रुसली. तिथे टोचलं की कपाळ कसं निवांत दिसतं, असं तिचं म्हणणं. जीनबाईंचे यजमान कातडीचे डॉक्टर. बाकीचं घरातच जुळलं म्हणायचं. भुवयांमधल्या आठीसाठी अमेरिकेची मंजुरी आली ती २००२ मध्ये. म्हणजे ही सगळी सौंदर्यविद्या एका पेशंटच्या रुसव्यातून निघाली, आणि मला ते फार पटतं.

सुई करते एवढंच की मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. तीन-चार महिन्यांत निरोपाची वाट पुन्हा मोकळी होते, आठी परत येते. तेव्हा ‘सुरू करणं’ म्हणजे एक सुई नव्हे; दिवाळी, होळी, आषाढी, पुन्हा दिवाळी. आधीपासून घेतलं तर फायदा होतो याला दाखला देतात तो जुळ्या बहिणींचा: एकीनं १३ वर्षं नियमानं घेतलं, दुसरीनं दोनदाच. २००६ मध्ये त्यांचे फोटो छापून आले, आणि पहिलीचं कपाळ खरंच गुळगुळीत होतं. पण बहिणी दोनच. शिवाय एक लॉस एंजेलिसला राहणारी, दुसरी म्युनिकला.

ऊन सुरकुत्या पाडतं, याचा पुरावा मात्र जास्त भक्कम आहे, आणि आमच्याकडे तो बघायला फोटो लागत नाहीत. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी काढली तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव. कापसाच्या सीड प्लॉटवर बायका क्रॉसिंगला जातात. उद्या उमलायची मादी कळी संध्याकाळी नखानं सोलून तिचे पुंकेसर काढायचे, सकाळी नर फुलाचे पराग तिच्यावर फिरवायचे. काम बारीक, नजर रोखून करायचं, ऊन पाठीवर आणि पानांवरून उलटून तोंडावर. त्यातल्या तिशीतल्या बाईच्या डोळ्यांच्या कडेला जे जाळं असतं ते शहरातल्या पन्नाशीच्या बाईला नसतं. तिला कधीपासून सुरू करायचं हे कुणी विचारत नाही, आणि पदर पुढे ओढण्यापलीकडे तिला कुणी काही दिलेलंही नाही.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय मासिकात गाजला. २८ वर्षं खिडकीशी बसून त्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी झाली होती. काचेतून येणारं ऊनसुद्धा कातडीत खोल उतरतं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. जालना-संभाजीनगर रोज अप-डाऊन करणाऱ्यांनी आपापला उजवा गाल बघावा. ऑस्ट्रेलियात पंचावन्नच्या आतल्या नऊशेवर माणसांवर साडेचार वर्षं पाहणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी इतरांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारली. २०१३ मध्ये हे छापून आलं. सनस्क्रीन कधीपासून, हे भाचीनं विचारलं असतं तर मी कॉलेजच्या स्कार्फाच्याही आधीचं वय सांगितलं असतं.

नटण्याला माझी हरकत नाही. हा जिल्हा त्या बाबतीत जुना आहे. इटलीत पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलं, त्यात एक हस्तिदंती बाई सापडली: अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी धरून दासी. तिच्या तऱ्हेच्या मूर्ती आमच्या भोकरदनला मिळाल्या, आणि ती घडली इथेच असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धनहून, म्हणजे याच भोकरदनहून, बाईचा शृंगार समुद्रापार गेला असेल, तर आज पुण्याहून थोडा परत आला, इतकंच.

माझी अडचण आठीचीच आहे. नववीच्या वर्गात मागच्या बाकावर खुसखुस झाली की मी बोलत नाही, नुसती बघते. आठी हलली नाही तर मला ओरडावं लागेल. आणि डेव्हिड हॅवस या संशोधकाचा २०१० चा एक प्रयोग वाचल्यापासून आणखी एक शंका आहे: भुवयांमध्ये हे इंजेक्शन घेतलेल्या बायकांना रागाची आणि दुःखाची वाक्यं वाचायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला, आनंदाची मात्र पूर्वीइतक्याच वेगानं वाचली. फरक सेकंदाच्या अंशाचा. पण माझा पगार वाक्यं वाचण्याचा आहे.

बदनापूर मागे पडलं तशी भाची बोटं मोजायला लागली. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे देत नाहीत, असं डॉक्टरबाईंनी निघताना बजावलं होतं. “लग्न, मग सासूबाईंची घाई, मग बाळ, मग त्याचं दूध... म्हणजे सुरू केलं की बंदच की!” मग तिनं ठरवलं की लग्नाआधी एकदाच घ्यायचं, तेही ऑक्टोबरात, पापणी उतरली तर सावरायला महिनाभर तरी हवा. पुढचं पुढे.

“तू घेणार का मग?” तिनं विचारलं.

दहावीची सराव परीक्षा जानेवारीत आहे. त्यानंतर बघू, म्हटलं.