बाईंच्या स्कूटीचा उजेड

परभणी–गंगाखेड रस्त्यावर पहाटे पाचला चांगलाच काळोख असतो. पावसाळ्यात शेतातली काळी माती बुटांना अशी चिकटते की पाय उचलत नाही, म्हणून आम्हाला डांबरी रस्त्यावरच पळावं लागायचं. आमच्या पीटीच्या बाई मागून हळूहळू स्कूटी आणायच्या आणि तिच्या दिव्याच्या उजेडात आम्ही तिघी पळायचो. सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, भरतीत मुलींना 1600 मीटर साडेआठ मिनिटांत काढावे लागतात. पहिल्या दिवशी मला अकरा लागली. बाईंनी वहीत आकडा लिहिला आणि म्हणाल्या, “उद्या पावणेपाचला ये.”

पेट्रोलचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. नात्यातले लोक माझ्या आईला बोल लावायचे, पोरीच्या हातात बंदूक कशाला? आई उत्तर द्यायची नाही, पण पहाटे माझ्याआधी चूल पेटलेली असायची.

भरती झाले, प्रशिक्षण संपलं आणि पुढे मुंबई विमानतळावर नेमणूक मिळाली. त्याआधी, डिसेंबर 1999 मध्ये, काठमांडूहून निघालेलं आपलं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं होतं. त्यानंतरच विमानतळांची सुरक्षा आमच्या दलाकडे येऊ लागली होती. सुरुवात फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरला झाली. बाईमाणसाची झडती बाईनंच, पडद्याआड घ्यायची असते. म्हणजे मुली भरतीला आल्याच नाहीत, तर विमानतळाची रांग पुढे सरकणार नाही.

तिथं मला दुसरी गुरू भेटली, आमच्या शिफ्टच्या इन्स्पेक्टर मॅडम.

एकदा नऊवारीतली एक म्हातारी आली. पायाशी माझ्या हातातलं धातुशोधक यंत्र वाजलं, कमरेशीही वाजलं. ती घाबरून हात जोडून म्हणाली, “म्या काई घेतलं नाई माय.” बोली थेट आमच्याकडची. माझ्या पोटात कालवलं. जोडवी असतील, पिशवीत नाणी असतील, जाऊ द्यावं, असं मनात आलं आणि मी यंत्र खाली केलं. मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी यंत्र माझ्या हातून घेतलं, आधी स्वतःच्या पट्ट्याच्या बक्कलाला लावलं. ते वाजलं. “बघा आजी, माझंही वाजतंय.” म्हातारीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग मॅडम जमिनीवर गुडघे टेकून बसल्या, विचारून पायाला हात लावला, जोडवी पाहिली, कमरेची पिशवी उघडायला लावली, एकेक नाणं बघितलं. काहीही सोडलं नाही. आजीला बाहेर पोचवून आल्यावर मला म्हणाल्या, “तुला तिची दया आली ते बरोबर. पण तिच्या पिशवीत दुसऱ्या कुणी काही ठेवलं असतं तर?” त्या रात्री मला झोप लागली नाही. काम कसं करायचं ते मी त्या दोन मिनिटांत शिकले.

मॅडम आम्हाला आशा सिन्हांबद्दल सांगायच्या. 1992 मध्ये मुंबईच्या माझगाव डॉकला त्या या दलाच्या कमांडंट झाल्या. निमलष्करी दलात कमांडंट झालेली पहिली स्त्री. डिसेंबर 2023 मध्ये नीना सिंह दलाच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या, तेव्हा मला आधी मॅडमच आठवल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये 1025 जणींच्या महिला बटालियनला मंजुरी मिळाली.

आता माझ्या हाताखाली मुली आहेत. एक्स-रेच्या पडद्यावर नारिंगी, निळे, हिरवे रंग बघून बघून डोळे थकतात. वीस मिनिटं झाली की माणूस बदलावा लागतो. रांग कितीही ओरडो, मी मुलीला उठवते. हेही मॅडमचंच.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. दिवाळीत गावी गेले की त्यांच्या पाया पडते. मागच्या खेपेला त्यांनी ती जुनी वही दाखवली. माझ्या नावापुढे शेवटचा आकडा आहे, सात मिनिटं पन्नास सेकंद. माझ्यानंतरची नावं मोजली, एकवीस भरली.

त्यातल्या सगळ्याच काही भरती झाल्या नाहीत. पण पळायला अजूनही नव्या मुली येतात आणि मागे उजेड धरायला आता बाई नाहीत. गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू, कुठल्याही रस्त्यानं पहाटे गाडी घेऊन निघालात आणि पुढे मुली पळताना दिसल्या, तर हॉर्न वाजवू नका. डिपर द्या आणि त्या वळणापलीकडे जाईपर्यंत जरा हळू चालवा.