मनोरीची हवा आणि माझी शेकोटी

समुद्रकाठच्या मनोरीला कसली आली खराब हवा, असे मीही म्हणत असे. पण हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मालाडचा धूर खाडी ओलांडतो. त्याला तरीचे तिकीट लागत नाही. वर उबदार हवेचे झाकण, म्हणून तो खालीच कोंडतो. त्यातले २.५ मायक्रॉनचे कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहून बारीक. त्यातले काही फुप्फुसातून रक्तातही उतरू शकतात.

दोष शहराचाच म्हणावा, तर २५ वर्षे मी गावोगाव ‘राब भाजू नका’ सांगत हिंडलो आणि घरामागचा पाला रोज पहाटे स्वतःच पेटवला. नातवाला धाप लागली, तेव्हा डॉक्टरांनी आधी त्या धुराचेच विचारले. आता खड्डा खणलाय. पाला, शेण, पाणी. शेजारच्या काकी अजून पेटवतात. त्यांना सांगायला तोंड उघडत नाही.