पाणी विहिरीत होतं, लॅटरलच चोकअप

आज कांद्याचं नाही, घरातल्या इंटरनेटचं लिहितोय.

धाकटी पोरगी बारावीला. संध्याकाळी ऑनलाइन तास. मध्येच सरांचा आवाज तुटायचा, चित्र गोठायचं. ती म्हणायची, "पप्पा, नेट चालत नाही." मी म्हणायचो, "५० एमबीपीएसचे पैसे भरतोय, न चालायला काय झालं? अभ्यास नको म्हणून बहाणे." दोन महिने असंच चाललं.

मग पुतण्याने मनावर घेतलं. व्हिडिओ बघून डीएनएस बदलला, ८.८.८.८ टाकला. स्पीड टेस्ट केली, आकडा तोच. बरोबरच आहे. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी वही. वही बदलली तर पत्ता जरा लवकर सापडेल, पण रस्ता रुंद होत नाही. पुढे त्याने राउटरचं रीसेट बटण दाबून धरलं. कनेक्शनचं लॉगिनच पुसलं गेलं, घर दीड दिवस बंद! तेवढं मात्र करू नका.

शेवटी मी ड्रिपवर करतो तेच केलं. शेवटच्या ड्रिपरला पाणी येत नसेल तर आपण आधी मोटरपाशी बघतो ना? लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला. ४७. म्हणजे विहिरीत पाणी आहे. वायर काढून राउटरशेजारीच वायफायवर बघितलं, ५ गिगाहर्ट्झवर ४४. पोरीच्या खोलीत गेलो. ३!

आमचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे आणि मध्ये दगडमातीच्या दोन जाड भिंती. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे दम सोडतं. २.४ लांब जातं, पण वेग कमी. तिच्या खोलीत त्यावर ९ मिळाले. चॅनलही १, ६, ११ करून पाहिले, काडीचा फरक नाही. वस्तीवर शेजाऱ्यांचे राउटर आहेत कुठे अडथळा करायला? शहरात दाटीच्या बिल्डिंगमध्ये चॅनल बदलून फरक पडू शकतो.

राउटर कपाटामागून काढून उंच फळीवर ठेवला. येणारी फायबर वायर मुडपू दिली नाही, ती तारेसारखी वाकवायची नसते. तिच्या खोलीत १४ झाले. मग २० मीटर लॅनची वायर आणून भिंतीकडेने थेट तिच्या टेबलापर्यंत नेली. ४६.

म्हणजे सेटिंगने विहिरीचं पाणी वाढत नाही. चोकअप असेल तर तेवढं निघतं. आधी वायर लावून मोजा. तिथेच कमी आलं तर कंपनीला फोन करा, सेटिंगशी खेळत बसू नका.

काल तास संपल्यावर पोरगी म्हणाली, "आज सगळं ऐकू आलं." मी म्हटलं, "मीच आधी ऐकायला पाहिजे होतं."

तुमच्याकडे राउटर कुठे ठेवलाय? कळवा.