अकोला नाही, अकोट!

पुण्यात कुणी 'कुठली गं तू?' विचारलं की मी 'अकोट' म्हणते आणि समोरचा लगेच दुरुस्ती करतो, 'अकोला ना?' मग मीही 'हो, तिथलीच' म्हणून विषय संपवते. कटकट नको!

गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो. त्यातच मेळघाट व्याघ्र प्रकल्प, १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. आणि मी? शाळेच्या सहलीत एकदा नरनाळा किल्ल्यावर गेलेली, बस्स.

माझी दहावीची बेंचमेट तिथे वनरक्षक आहे. मी मासकॉम करत होते तेव्हा ती भरतीसाठी पहाटे धावायची. खरं सांगू? तेव्हा मला तिची कीव आली होती.

सुट्टीवर आलेली भेटली. माझा पहिला प्रश्न अर्थातच, "वाघ दिसतो का गं?"

"सहा वर्षांत दोनदा. तुले वाघच पाह्याचा असन त ताडोब्याले जाय नं बापा!"

मग कळलं, ती वाघ न बघता ओळखते. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते. पूर्वी पंजाच्या ठशांवरून व्हायची. २००५ मध्ये सरिस्कात वाघ उरलेच नसल्याचं उघड झालं आणि २००६ पासून कॅमेरे आले. तेही जोडीने, वाटेच्या दोन्ही बाजूंना. कारण वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. कॅमेरे लावायचे, ठसे, विष्ठा, ओरखडे शोधत पायी फिरायचं, सगळं मोबाइलमध्ये नोंदवायचं. आकडा सरकार जाहीर करतं, चालते ही!

रानपिंगळ्याची गोष्टही तिनेच सांगितली. १८८४ नंतर या छोट्या घुबडाची खात्रीची नोंदच नव्हती. संपला म्हणून सोडून दिलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, पुढे मेळघाटातही. "तो होताच वं. कोनी पाह्यलं नोतं."

चहा संपता संपता म्हणाली, "बदली झाली. अकोटच्या जवळ."

तिची तीन वर्षांची लेक आजीकडे वाढतेय. मी म्हटलं, "अगं, मग पार्टी!"

ती गप्पच. "पोरगी भेटन रोज, खुशी त हायेच. पन नव्या पोरीले सारं दाखवा लागन. कोन्त्या नाल्यात अस्वल बसते, थे काई मोबाइलात नाई लिवलेलं."

आठ वर्षांत मी चार नोकऱ्या सोडल्या. निघताना कुणाला काही दाखवावं लागेल, असं माझ्याकडे कधी काही नव्हतं.

परवा एका पार्टीत पुन्हा तेच. "अकोला ना?"

"नाही. अकोट," मी म्हटलं. "बस, सांगते."