साडेपाच तासांचा फासला

फासल्याला रफ्तारीने भागले की वक्त मिळतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. उदाहरण मुंबई-जेद्दाहचे देतो. हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 850 धरून मुले चार तासांच्या थोडे वर उत्तर काढतात. प्रत्यक्षात पाच-साडेपाच तास लागतात. चढण्या-उतरण्यात वेळ जातो आणि हिवाळ्यात पश्चिमेचे वारे समोरून येतात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे दुपारी एकला निघालेला माणूस तिथल्या चारला पोहोचतो.

आमचे दादाजान 'अकबरी' जहाजाने हजला गेले होते. तेव्हा आठवड्याहून जास्त दिवस समुद्रावर जायचे. 1995 नंतर ती जहाजे बंद झाली. भाईजान जेद्दाहला एका घरी गाडी चालवायला गेला, तेव्हा अब्बा अम्मीची समजूत घालत, "अगं, जोहरला निघालं की असरला पोहोचलं. रडायचं काय त्यात?"

2018 च्या पावसाळ्यात, फजरच्या सुमारास, मोखाड्याच्या घरी अब्बा गेले. आम्ही फोन लावला. भाईजान म्हणाला, "मिट्टी देऊ नका, मी निघतो. साडेपाच तासांचीच तर बात आहे."

पण विमानाआधी परवानगी लागत होती. मालकाने मंजूर केल्याशिवाय देशाबाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा नाही. मालक बाहेरगावी, फोन बंद. आम्ही जोहरपर्यंत थांबलो, असरपर्यंत थांबलो. मय्यत ठेवून धरू नये, असे वडीलधारे म्हणाले. मगरिबनंतर पावसातच जनाजा उचलला. खांदा देताना आमचे लक्ष खिशातल्या फोनकडे होते.

भाईजान तिसऱ्या दिवशी आला. मुंबईत उतरून वाडा, विक्रमगड, जव्हारमार्गे मोखाडा. अंतर दीडशेच्या आसपास, पण पावसाने रस्ता असा झालेला की तेवढ्यालाही पाच तास लागले. तो सरळ कब्रस्तानात गेला. पावसाने माती बसली होती. त्याने मूठभर माती टाकली आणि विचारले, "अब्बांनी माझं नाव घेतलं होतं का?" आम्ही हो म्हणालो. ते खरे नव्हते.

तेव्हा आमचा सगळा राग परदेशावर होता. पण त्याच दिवाळीनंतर गल्लीच्या टोकाला राहणारे आदिवासी कुटुंब नेहमीप्रमाणे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. मागे राहिलेली म्हातारी वारली. मुलाने उचल घेतलेली होती, ती फिटेपर्यंत मालक सोडेना. भिवंडी इथून जेमतेम शंभर किलोमीटर. तोही तिसऱ्याच दिवशी आला. भाईजानच्या वेळी तो आमच्या दारात बसून होता. आम्ही मात्र त्याच्या दारात गेलो तेव्हा काय बोलावे ते सुचेना.

14 मार्च 2021 पासून सौदीत खासगी कंपन्यांच्या कामगारांना मालकाच्या मंजुरीशिवाय असा व्हिसा मागता येऊ लागला. त्यातून घरकामगार आणि घरगुती चालक वगळले होते. भाईजान घरगुती चालकच आहे. अम्मी आता सत्तरीकडे झुकली.

गेल्या वर्षी उदाहरण सोडवून झाल्यावर एका मुलीने विचारले, "सर, जेद्दाह जास्त लांब की भिवंडी?" वर्ग हसला. आम्ही खडू हातात धरून बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिलो. मग म्हणालो, "कोण निघतंय, त्यावर आहे, बेटा."