चौदा खंडांची पोथी

आमच्या फ्रिजच्या दारावर साडेतीन वर्षं एक कागद चिकटवलेला होता. त्यावर लेकाच्या अक्षरात तीन नियम. पहिला: ठरलेल्या प्रकरणापुढे कुणी वाचायचं नाही. दुसरा: वाचलंच तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही. तिसरा: आजीला खोटं सांगायचं नाही. हा तिसरा नियम नंतर, वेगळ्या शाईत लिहिलेला आहे. तो माझ्यामुळे लिहावा लागला.

नोव्हेंबर २०२१मध्ये दिल्लीची हवा इतकी बिघडली की आधीच जेमतेम उघडलेल्या शाळा पुन्हा बंद झाल्या. आम्ही नोएडात सातव्या मजल्यावर राहतो. त्या दिवसांत बाल्कनीतून समोरची इमारतही दिसत नव्हती. लेक तेव्हा आठवीत. त्याच महिन्यात रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’वरची मालिका यायची होती आणि लेकानं नि सोसायटीतल्या त्याच्या दोन दोस्तांनी पण केला, की आधी पुस्तकं, मग पडदा. दोस्तांपैकी एक बंगाली मुलगी, दुसरा मल्याळी मुलगा. पहिला खंड आम्हाला रविवारी आसफ अली रोडवरच्या महिला हाटात मिळाला. दर्यागंजच्या फुटपाथवरचा जुन्या पुस्तकांचा बाजार २०१९मध्ये तिथे हलवला गेला. पुस्तकाचं मुखपृष्ठ फाटलेलं, पण पानं सगळी होती. घरी येईपर्यंत मेट्रोत मीच वीस पानं वाचून काढली. अशी मी चौथी भिडू झाले.

एकूण खंड चौदा, शब्द सुमारे ४४ लाख. पहिला आला १९९०मध्ये, शेवटचा २०१३मध्ये. मुलांनी हिशेब केला: तीन महिन्यांत एक खंड. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या हॉलमध्ये बैठक. भाषा हिंदी आणि इंग्रजी, भांडणाची भाषा निव्वळ हिंदी.

पाचवी भिडू आतल्या खोलीत होती. माझ्या सासूबाई. त्या वर्षी जूनमध्ये आम्ही त्यांना वाईहून कायमचं इकडे आणलं होतं. काचबिंदूनं एक डोळा आधीच गेला होता, दुसरा दिवाळीपर्यंत गेला. हिंदी त्यांना बेताचंच. नातवाला मराठी समजायचं, पण उत्तर तो हिंदीत द्यायचा. “आजी, खाना खा लिया?” “हो रे.” एवढ्यावर दोघांचं बोलणं संपायचं. दोघंही एकमेकांशी फार सभ्यपणे वागायचे. मला त्या सभ्यपणाची भीती वाटायची.

एका रविवारी आवाज जरा चढले, तेव्हा आतून हाक आली. “अगं, एवढं कशावरून भांडताय?”

मी पलंगावर जाऊन बसले आणि सांगितलं. डोंगरापलीकडचं एक गाव. वसंताच्या सणाच्या आदल्या दिवशी तिथे एक बाई येते, कपाळावर निळा खडा. रात्री राक्षस गावावर चाल करून येतात, बोकडाच्या नि रानडुकराच्या तोंडाचे. ते गावातल्या तीन पोरांच्या शोधात असतात. बाई त्या पोरांना घेऊन रातोरात निघते.

“बरं,” आई म्हणाल्या. दुसऱ्या रात्री औषध घेताना विचारलं, “मग पुढं?”

तेव्हापासून रोज रात्री अर्धा तास माझं सांगणं सुरू झालं. आईंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची बारशी करून टाकली. रँड म्हणजे रंगा. पासे टाकणारा मॅट म्हणजे जुगारी. पेरिन लोहाराचा पोर. रागावली की स्वतःची वेणी ओढणारी गावची वैदू नायनीव्ह, तिचं नाव वेणीवाली. ती आईंची विशेष लाडकी. आणि ती मोरेन, जी पोरांना घेऊन निघाली, ती नुसती ‘बाई’. ऐकताना आई मधूनमधून “हं” म्हणायच्या. मी थांबले की “हं?” म्हणून ढकलायच्या. एकदा मी कंटाळून दोन प्रकरणं चार वाक्यांत उरकली, तर म्हणाल्या, “आज घाई दिसते. उद्या नीट सांग.”

त्यांना ऐकायची सवय होती. लहानपणी वाईत चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ लागायचा. श्रीधराची ती पोथी, ६४ अध्याय, रोज संध्याकाळी थोडी थोडी. वाचणारा एक, ऐकणारी सगळी आळी. पुढं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी कुणी उठायचं नाही. नियम एकच होता, त्या सांगायच्या, वाचणाऱ्यानं पदरचं घालायचं नाही.

दिल्लीलाही हे नवं नाही. या शहरात जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दास्तानगो बसायचे. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवल किशोर प्रेसनं छापायला घेतली, तेव्हा तिचे ४६ खंड झाले. त्यांतलाच ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. दिल्लीचे शेवटचे मोठे दास्तानगो मीर बाकर अली १९२८मध्ये गेले. २००५मध्ये महमूद फारूकी यांनी, शम्सुर्रहमान फारुकी यांच्या मार्गदर्शनाखाली, ही कला पुन्हा मंचावर आणली. आणि देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’साठी लोक हिंदी वाचायला शिकले, असं म्हणतात. हे मी ऐकून होते. एखाद्या गोष्टीसाठी माणूस भाषा शिकतो, हे घरात पाहीन असं मात्र वाटलं नव्हतं.

आता मला पाचव्या खंडाच्या शेवटाबद्दल सांगायचं आहे. ज्यांना ही मालिका वाचायची आहे, त्यांनी पुढचे काही परिच्छेद गाळावेत. आमचा पहिला नियम मी तुमच्यासाठीही पाळते.

पाचव्या खंडाच्या शेवटी बाई जाते. रंगाला वाचवण्यासाठी ती शत्रूला मिठीत घेऊन एका लाल दगडी चौकटीतून पलीकडे कोसळते आणि चौकट जळून जाते. मागे उरतं तिनं आधीच लिहून ठेवलेलं पत्र. २०२२चा उन्हाळा होता. त्या रविवारी मुलं भांडली नाहीत. बंगाली मुलगी रडली. लेक उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

रात्री आईंनी विचारलं, “मग?”

आणि मी म्हणाले, “बाई लांबच्या प्रवासाला गेली.”

“एकटीच?”

“हो. येईल परत. पत्र ठेवून गेली आहे.”

आई “हं” म्हणाल्या नाहीत. कूस बदलली.

मी असं का केलं, ते सांगायला मागे जावं लागेल. एप्रिल २०२१मध्ये माझे सासरे गेले. साताऱ्यात एकाच रुग्णालयात ते खालच्या मजल्यावर, आई वरच्या. आम्ही इकडे, दोघं तापानं पडलेलो, हलता येत नव्हतं. ते गेल्याचा फोन आला तेव्हा आईंचा ऑक्सिजन खाली-वर होत होता. आता सांगू नका, असा सल्ला मिळाला. फोनवर आई विचारायच्या, “यांचं कसं आहे?” मी सांगायची, “बरे आहेत. झोपलेत.” चार दिवस मी हे सांगितलं. नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून फोन माझ्याकडे. पाचव्या दिवशी चुलतदिरांनी त्यांना सांगितलं. त्यानंतर त्या चार दिवसांबद्दल आमच्यात एक शब्द झाला नव्हता. आणि आता मला पुन्हा त्याच माणसाला, त्याच आवाजात, कुणीतरी गेलं असं सांगायचं होतं. कादंबरीतलं का असेना. मला जमलं नाही.

लेकाला हे चार दिवसांनी कळलं. आजीनं त्याला विचारलं होतं, “बाईचं काही कळलं का रे?” तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “तुमने झूठ बोला? आजी से?” मी म्हटलं, अरे गोष्ट आहे ती. “गोष्ट आहे म्हणूनच!” तो मराठीत ओरडला. कितीतरी वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं सबंध मराठी वाक्य ते.

मग तो आत गेला. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. “आजी, मम्मीने गलत सांगितलं. बाई गेली. म्हणजे... मर गई. मेली.” मग त्यानं सगळं सांगितलं, चौकट, शत्रू, जळणं. शब्द सापडत नव्हते. “रंगानं तलवार निकाली...”

“उपसली म्हण. तलवार उपसतात.”

“उपसली. और फिर...”

“आणि मग.”

“आणि मग उशीर झाला.”

बराच वेळ शांतता. मग आईंचा आवाज: “मला ठाऊक होतं. तुझ्या आईचा आवाज खोटं बोलताना बारीक होतो. मागेही झाला होता.”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्या रात्री फ्रिजवर तिसरा नियम आला आणि माझं काम गेलं. सहाव्या खंडापासून सांगणारा तो.

त्याचं मराठी तिथे झालं, शाळेत नाही. वेढा, खंदक, चिलखत, तह, फितुरी, रसद. पंधरा वर्षांचा नोएडाचा मुलगा वरण-भाताच्या आधी ‘रसद तोडणे’ शिकला. आईंनाही नवे शब्द आले. बंगाली मुलगी दारातून “आजी, स्पॉइलर मत सुनना!” ओरडायची आणि त्या इकडे फोनवर बहिणीला म्हणायच्या, “थांब, मला स्पॉइलर नको.”

सातव्या-आठव्या खंडापासून कथेचा वेग मंदावतो, हे या पुस्तकांच्या सगळ्या वाचकांना माहीत आहे. २००३च्या दहाव्या खंडात तर नवव्याच्या शेवटी घडलेल्या एका मोठ्या घटनेकडे सगळी पात्रं आपापल्या जागेवरून बघत बसतात. आमचाही रस्ता तिथेच खचला. मल्याळी मुलाचे आईवडील गुरुग्रामला गेले. दहावीची परीक्षा आली. बैठका महिन्यावर गेल्या. लेक म्हणाला, सोडून देऊ, शेवट इंटरनेटवर वाचू. आजी म्हणाली, “पोथीत वंशावळीचा अध्याय येतोच. तो ऐकणाऱ्यालाच पुढचा कळतो.” परीक्षा संपल्यावर त्यानं दहावा खंड पूर्ण केला. आजीला मात्र त्यानं तो तीन रात्रींत सांगितला. “एवढंच होतं?” आजीनं विचारलं. “एवढंच होतं,” तो म्हणाला. नियमभंग नव्हता.

अकराव्या खंडानंतर लेखक बदलतो. जॉर्डन २००७मध्ये दुर्धर आजारानं गेले. शेवटासाठी टिपणं ठेवली होती, काही प्रसंग सांगून उतरवून घेतले होते. त्यांची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं. एकाच खंडात आटपायचा शेवट तीन खंडांचा झाला. हे ऐकून आईंनी एवढंच विचारलं, “शेवट काय, ते त्यांनी बायकोला सांगितलं होतं?” लेक म्हणाला, हो. “मग बरं झालं. तिला तरी कळलं.”

तेराव्या खंडात बाई सापडते. जिवंत. जुगारी दोघांना घेऊन एका भुताटकीच्या मनोऱ्यात शिरतो आणि आपला एक डोळा मोबदला देऊन तिला सोडवून आणतो. लेकानं हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. दुसरा नियम त्याला पाळता आला नाही. सकाळी चेहरा बघूनच मला कळलं, काहीतरी झालंय. आजीला सांगताना तो उभा होता, बसवत नव्हतं त्याला.

“डोळा दिला?” आईंनी विचारलं.

“हो. एक.”

“एका डोळ्यावर चालतं. मी पाच वर्षं स्वयंपाक केला एका डोळ्यावर.” मग थोड्या वेळानं, “म्हणजे तुझी आई खरं बोलली होती.”

“नाही आजी. तिला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोलली, तर ते खोटंच.”

“खोटंच,” आई म्हणाल्या. “पण तिला तसं व्हायला हवं होतं.”

मे २०२५मध्ये आम्ही शेवटाला पोचलो. त्याच महिन्यात बातमी आली, की ती मालिका तीन पर्वांनंतर बंद झाली. “अर्ध्यावर सोडली?” आईंना हे फार लागलं. त्यांनी समाप्ती रीतसर करायला लावली. शिरा झाला. गुरुग्रामहून मल्याळी मुलगा मेट्रोनं आला. शेवटचं प्रकरण लेकानं मराठीत सांगितलं. दोस्त दोघं मराठी न येता सगळं समजत बसले होते, कारण गोष्ट त्यांना पाठ होती. मध्येच अडला तर बंगाली मुलगी इंग्रजी शब्द पुरवायची आणि आई तो मराठीत करून द्यायच्या.

मुलं गेल्यावर मी औषध द्यायला आत गेले. आई जाग्या होत्या.

“झालं सगळं,” मी म्हणाले.

“एक राहिलंय,” त्या म्हणाल्या. “ते चार दिवस सांग.”

“कुठले?” मी विचारलं, पण मला ठाऊक होतं.

मी पलंगावर बसले. पहाटे फोन कुणी केला, तिथून सुरुवात केली. त्यांना कुणी उचललं, कैलास स्मशानभूमीत कोण उभं होतं, चुलतदिरांनी फोनवर काय दाखवलं, आणि ‘झोपलेत’ हा शब्द मला कसा सुचला. माझा आवाज बारीक होतोय का, याकडे मी लक्ष देत होते. मध्ये एकदा थांबले.

“हं,” आई म्हणाल्या.