चाहत्याचे मत

उत्तरपत्रिकेत ‘आवडले’ हा शब्द दिसला की मी त्याखाली लाल रेघ ओढत आलो आहे. आस्वाद म्हणजे समीक्षा नव्हे, असे मी शिकवतो. तरीही ‘गॅलेक्सी क्वेस्ट’ (१९९९) हा विनोदी चित्रपट मला मनापासून आवडतो, आणि त्याची कारणे सांगताना माझी परिभाषा अपुरी पडते. ‘स्टार ट्रेक’ (१९६६–६९) या विज्ञानकाल्पनिक मालिकेचे व तिच्या चाहत्यांचे हे विडंबन. त्यातील परग्रहवासीयांना ‘कल्पित’ म्हणजे काय हेच ठाऊक नसल्याने ते एका बंद पडलेल्या मालिकेला इतिहास समजतात आणि तिच्यातील यान हुबेहूब उभारतात. या भाबडेपणाला आपण हसतो; परंतु ते यान विनाशातून वाचते, ते मालिकेचा तपशील मुखोद्गत असलेल्या एका पोरसवदा चाहत्यामुळे. विडंबनाला अंतर लागते, अशी माझी धारणा होती. येथे ते जिव्हाळ्यातून उपजते. मूळ मालिकेचे तिसरे पर्वही १९६८मध्ये चाहत्यांच्या पत्रमोहिमेनंतरच जाहीर झाले होते. ‘आवडले’ येथे समीक्षा संपत नसेल, पण तिला सुरुवात तेथूनच होते. रेघ ओढण्याऐवजी आता मी समासात एवढेच लिहितो : ‘का?’